कणगीतली कमान

मळसूत्राचा वेग वाढवला तसा भट्टीत पडणाऱ्या मातीचा ओघ कमी झाला. जयसिंग बाबरने वेग आणखी वाढवला. ओघ आणखी कमी झाला.

सोमवस्तीच्या नियंत्रणकक्षात तो पडद्यावरच्या दोन रेषांकडे पाहत उभा होता. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या या वस्तीत तीसेक माणसे राहत होती आणि त्यांचा श्वास त्या खाली उतरणाऱ्या रेषेवर अवलंबून होता. चांद्रमातीत प्राणवायू भरपूर असतो, पण खनिजांत बांधलेला. माती भट्टीत वितळवली की तो सुटतो. ही माती साठवण्यासाठी उतारावर विहिरीसारखी खोल कोठी खणलेली होती. वस्तीतले लोक तिला कणगी म्हणत. कणगी खाली निमुळती होत जाई आणि तिच्या तळाशी आडवे मळसूत्र होते : पोलादी पन्हळीत फिरणारे, ताणलेल्या स्प्रिंगसारखे एक अजस्र पाते. ते फिरले की त्याच्या आट्यांमधली माती सरकत सरकत भट्टीच्या तोंडाशी जाई.

बाबर प्रकल्पप्रमुख होता. चंद्रावर येण्यापूर्वी त्याने उमेदीची सगळी वर्षे सिमेंटच्या कारखान्यांत काढली होती. तिथे माल कमी पडला की मळसूत्राचा वेग वाढवायचा, एवढा साधा नियम होता.

सुनेत्रा खांडबहाले आत आली तेव्हा तो तिसऱ्यांदा वेग वाढवण्याच्या बेतात होता. सुनेत्रा कणभौतिकीची तज्ज्ञ. कणगी आणि मळसूत्र या दोन्हींचा आराखडा तिचाच.

"वेग कमी करा," ती म्हणाली.

"मॅडम, आधीच माल येत नाहीये."

"म्हणूनच. बाबरसाहेब, बोल्ट फिरवल्यावर नट पुढं कधी सरकतो?"

"नट पान्यानं धरून ठेवला तर."

"आणि मोकळा सोडला तर?"

"तर बोल्टाबरोबर गरगरत राहील. जागच्या जागी."

"आपली माती म्हणजे तो नट. तिला फिरू न देणारं काहीतरी हवं. पृथ्वीवर ते काम तिचं वजन करतं. पातं तिला वर उचलू बघतं, वजन तिला पन्हळीच्या बुडाशी दाबून धरतं, आणि मग पुढं सरकण्यावाचून तिला गत्यंतर उरत नाही. इथं वजन एक षष्ठांश. तुम्ही वेग वाढवलात की माती पात्याबरोबर वर चढते, गोल फिरते आणि होती तिथंच येऊन पडते."

बाबरने वेग निम्म्यावर आणला. थोड्या वेळाने ओघाची रेषा वर सरकू लागली. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावर समाधान नव्हते. एवढी वर्षे हाताने केलेली गोष्ट अशी उलटी निघावी, हे त्याला रुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ओघ पूर्ण थांबला.

या वेळी कारण वेगळे होते. मळसूत्र नीट फिरत होते, पण रिकामे. कणगी मात्र वरपर्यंत भरलेली होती.

"कमान धरली आहे," सुनेत्रा म्हणाली. "माती स्वतःला पेलून वर अडकून बसली आहे. खाली पोकळी झाली असणार."

"कमान आमच्याकडंही धरायची. पण वीतभर, फार तर हातभर. तोंड त्यापेक्षा मोठं ठेवलं की प्रश्न मिटायचा. आणि तुम्ही तर इथं केवढं मोठं तोंड ठेवलंय!"

हा जुना वाद होता. पृथ्वीवर ज्या कामाला वीतभर व्यासाचे मळसूत्र पुरले असते, त्यासाठी सुनेत्राने बाबरच्या छातीला लागेल एवढ्या व्यासाचे मळसूत्र मागवले होते, तेही मधल्या दांड्याशिवाय, म्हणजे चिकट माती दांड्याला गुंडाळून बसणार नाही. पृथ्वीवरून ते आणताना दुसरे बरेच सामान मागे ठेवावे लागले होते.

"सराटे पाहिलेत ना तुम्ही?" सुनेत्रा म्हणाली. "पाटीभर सराटे उलटे केले तर खाली पडत नाहीत. काट्यात काटे गुंतलेले असतात. इथल्या मातीचा कणन् कण तसा आहे. तिला ना वाऱ्यानं घासलं, ना पाण्यानं. ही गुंतलेली माती खाली ओढायला फक्त तिचं वजन असतं. वजन सहापट कमी, म्हणजे तीच माती सहापट रुंद कमान पेलू शकते. म्हणून तोंड सहापट मोठं ठेवलं आणि तोंडाखालचं मळसूत्रही."

"तरी कमान धरलीच की."

"धरली. मी सैल मातीचा हिशेब केला होता. काल मळसूत्र जोरात फिरत होतं, त्याच्या हादऱ्यांनी वरची माती ठासून बसली. ती आता चार-पाच मीटरही पेलत असेल. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

वेग कुणी वाढवला होता, हे ती बोलली नाही. बाबरच्या ते लक्षात आले.

कमान वरून सळईने टोचून पाडायची असे ठरले. पोशाख चढवताना वस्तीच्या डॉक्टर नसीम परकार यांनी दोघांच्या छातीवरचे मात्रामापक तपासले. सोमवस्तीत कुणी किती काळ राहायचे हे नसीमचे ते छोटे यंत्र ठरवी. चंद्राला हवेचे पांघरूण नाही. अवकाशातून येणारे भेदक किरण सरळ जमिनीवर आदळतात. घरांच्या छतांवर मातीचा थर होता, पण पातळच. जाड थर पेलायला भक्कम सांगाडे लागले असते आणि सांगाडे पृथ्वीवरून यायचे. त्यामुळे दीड-दोन वर्षांत प्रत्येकाची किरणमात्रा ठरलेल्या मर्यादेला टेकायची. मग जहाज यायचे, माणसे बदलायची.

"बाबरसाहेब, तुमचा काटा टेकत आलाय," नसीम म्हणाली. "पुढच्या जहाजानं जायचंच, हे पक्कं."

"जायचंच आहे," बाबर म्हणाला. "मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. माहेरी, कराडला. आमच्या हिनं डिंकाचे लाडूसुद्धा वळून ठेवले असतील एव्हाना."

तो हसला. सोमवस्तीत त्याला हसताना फार थोड्यांनी पाहिले होते.

सुनेत्रा कमरेला दोर बांधून कणगीतल्या मातीवर उतरली. दोराचे दुसरे टोक काठावरच्या खांबाला होते आणि दोराच्या आतून संभाषणाची तार जात होती. ती बेताबेताने सळई खुपसत पुढे गेली. भिंतीलगतच्या एका जागी सळई अचानक मुठीपर्यंत आत गेली. मग तिच्या पायाखालची माती खचली. चंद्रावर सगळेच सावकाश पडते. बाबरला काठावरून ती खाली जाताना स्पष्ट दिसली : आधी गुडघे, मग कंबर, मग वर केलेला हात. त्याने दोर धरला तोवर मातीचा ओघ स्वतःच अडखळला, कण कणांत गुंतले आणि पृष्ठभाग पुन्हा बंद झाला. तिथे एक उथळ खळगा तेवढा उरला, आणि त्यातून वर आलेला ताठ दोर.

"मॅडम! ओढतोय, धीर धरा!"

"ओढू नका!" दोरातून आवाज आला. "बाबरसाहेब, दोर सोडा. सोडा आधी!"

त्याने दोर सोडला.

"मी पोकळीत आहे," ती धापा टाकत म्हणाली. "कमरेपर्यंत मातीत, पण वरचा भाग मोकळा. दिवा चालू आहे. माझ्यावर कमान पुन्हा धरली आहे आणि दोर तिच्यातून गेलाय. तुम्ही दोर ओढलात तर तो कमान कापत येईल. सगळी कणगी माझ्यावर बसेल."

नसीम नियंत्रणकक्षातून ऐकत होती. "सुनेत्रा, तुझ्या टाकीत हवा आहे. कामाची पाळी संपेपर्यंत पुरेल. त्यापुढं नाही. लागलंय का कुठं?"

"खांदा दुखतोय. हलतोय पण."

बाबर काठावर उकिडवा बसला. वरून खणायचे तर खणणाऱ्याचे वजन कमानीवर येणार. बाजूने भिंत फोडायची तर हादरे बसणार. त्याने एकेक उपाय मोठ्याने बोलून दाखवला आणि सुनेत्राने प्रत्येक उपायात कमान कुठे तुटेल ते सांगितले. तिचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा होता. उपाय संपले होते.

"मॅडम," बाबर म्हणाला, "तुमच्या पायाखाली काय आहे?"

"माती. आणि मातीखाली मळसूत्र. पात्याची वरची कड दिसतेय."

"माल बाहेर काढायला आपण जे बसवलंय, त्यातूनच तुम्हाला काढलं तर?"

तो बोलता बोलता उभा राहिला.

"मळसूत्राला मधे दांडा नाही. दोन आट्यांमध्ये माणूस पाय दुमडून मावतो. मोजायची गरज नाही, मीच ते बसवलंय. पुढच्या बाजूला भट्टी आहे, तिकडं नाही न्यायचं. पण उलटं फिरवलं तर माल मागच्या टोकाला, शेपटाकडं येतो. शेपटाकडची झाकणपाटी मी खोलतो. पन्हळ तिथं देखभालीच्या भुयारातच उघडते."

"मोटारीचे हादरे बसतील," सुनेत्रा म्हणाली.

"मोटार सोडवतो. हातदांडा लावून फिरवतो."

"खालची माती काढली तर कमानीला धक्का बसेल?" नसीमने विचारले.

"नाही," सुनेत्रा हळूच म्हणाली. "कमान भिंतींवर टेकलेली आहे, खालच्या मातीवर नाही." आणि जरा थांबून, "बाबरसाहेब, वीतभर मळसूत्र असतं तर?"

"तर आपण हे बोलत नसतो. आता तोंड बंद करा आणि हवा वाचवा."

भुयारात झाकणपाटीचे बोल्ट सोडवताना बाबरच्या हातमोज्यांची बोटे आखडली. मोटार बाजूला करून त्याने दातेरी चाकांच्या पेटीला हातदांडा लावला. दांड्याचे कितीतरी फेरे झाले की मळसूत्राचा एक फेरा होई. त्याने फिरवायला सुरुवात केली. शेपटाच्या तोंडातून माती सांडू लागली. आत सुनेत्रा खचत्या मातीबरोबर पन्हळीत उतरली, पाय दुमडून दोन आट्यांच्या मधे आली आणि तिने कमरेचा दोर सोडला. संभाषणाची तार दोरातच होती. तिने हेल्मेटचा साधा बिनतारी संच चालू केला. पन्हळीच्या उघड्या तोंडातून आवाज तुटक का होईना, बाबरपर्यंत पोचत होता.

पाते हलताच तिने ते दोन्ही हातांनी धरले. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. पात्याने तिला अलगद वर नेले, पन्हळीच्या कडेने उलटे केले आणि तिचे हेल्मेट पोलादावर आपटले. चेहऱ्यावर माती पडली. आपण डोके खाली, पाय वर असे फिरतो आहोत आणि एक बोटभरही पुढे गेलेलो नाही, हे तिला कळायला वेळ लागला.

"बाबर... थांबा... मी वर गेलेय..."

त्याने दांडा थांबवला. "पातं धरलंय का तुम्ही?"

"हो."

"सोडा ते! मॅडम, तुम्हीच शिकवलंत मला. नट बोल्टाबरोबर फिरता कामा नये. पातं सोडा आणि पन्हळीला चिकटून पडून राहा. बाकी पातं बघून घेईल."

सोडणे अवघड होते. आयुष्यभर कणांचे वागणे समीकरणांत मांडणाऱ्या त्या बाईला आता स्वतः कण व्हायचे होते. तिने डोळे मिटले, हात मोकळे केले. ती सावकाश घसरून पन्हळीच्या बुडाशी आली आणि पोटावर पालथी झाली. हाताचे तळवे तिने पन्हळीच्या पोलादावर दाबून धरले.

दांडा पुन्हा फिरू लागला, आधीपेक्षा हळू. पात्याची थंड कड तिच्या तळपायांना टेकली, दाबत राहिली, आणि ती पुढे सरकली. एक आटा. पात्यात आणि पन्हळीत बोटभर फट होती. तिच्यात पोशाखाची घडी अडकली की ती ओरडायची, बाबर दांडा मागे घ्यायचा, ती घडी सोडवायची. परत एक आटा. वर काय चालले आहे हे कुणालाच दिसत नव्हते. कमान तुटली असती तर तिचा आवाजही आला नसता, कारण आवाज वाहून न्यायला तिथे हवा नव्हती.

शेवटी मातीच्या ढिगाबरोबर तिचे हेल्मेट तोंडातून बाहेर आले. बाबरने दांडा सोडला आणि तिला काखेत धरून ओढून काढले. दोघेही भुयाराच्या भिंतीला टेकून बसले.

"माल पोचला," तो म्हणाला.

कमान पडली नाही. तपासणीसाठी कॅमेरा पन्हळीतून आत पाठवला, तेव्हा ती जशीच्या तशी होती : मधे उंच, कडांना उतरती, खाली मोठ्या खोलीएवढी जागा. तिला पोलादाचा एकही तुकडा टेकू म्हणून नव्हता. वर कितीतरी मीटर माती ठासलेली होती.

खांद्याला पट्टी बांधता बांधता नसीमने सवयीने सुनेत्राच्या मात्रामापकाची तासवार नोंद उघडली. तिने ती दोनदा पाहिली.

"हा बिघडलाय," ती म्हणाली. "तू आत होतीस तेवढ्या वेळात काटा हललेलाच नाही. जवळजवळ शून्य. एवढं कमी मी इथं कधी पाहिलं नाही."

"बिघडलेला नाही तो," सुनेत्रा म्हणाली.

ती पडल्या पडल्या छताकडे पाहत होती. त्या पातळ छतातून त्या क्षणीही किरण येत होते. सांगाड्यांशिवाय जाड छत उभे राहणार नाही, असे वस्तीतले सगळे धरून चालले होते, ती स्वतःही. वजन एक षष्ठांश असलेल्या जागी माती काय करू शकते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते आणि तिने त्याकडे फक्त अडथळा म्हणून पाहिले होते. खड्डा खणायचा, मातीने भरायचा, हादरे देऊन ठासायचा, मग खालून मळसूत्राने माती काढून घ्यायची. वर उरते ते छत. आत हवेचा मोठा फुगा फुगवला की घर तयार. पृथ्वीवरून फुग्याखेरीज काही आणायला नको.

दोन दिवसांत तिने हिशेब केला. तो तपासून पाहिला, पुन्हा केला. कमानीखाली राहणाऱ्या माणसाची मर्यादा गाठायला दीड-दोन वर्षे नव्हे, तर बहुतेक सगळा जन्म लागला असता. तिने अहवाल लिहिला आणि तो पाठवण्यापूर्वी नसीमला दाखवला.

नसीमने वाचून खाली ठेवला. "सुनेत्रा, जहाज कशासाठी येतं गं इथं?"

"माणसं बदलायला."

"आणि माणसं का बदलतात?"

हे सुनेत्राच्याही मनात आले होते, हिशेब पुरा होण्याआधीच. जहाजाची एक फेरी म्हणजे मुख्यालयाचा वर्षातला सर्वांत मोठा खर्च. ती फेरी होत होती, कारण मर्यादा ओलांडू देणे बेकायदा होते. ते कारण उरले नाही, तर या वर्षी जहाज पाठवा असे कोण म्हणेल? ज्यांचे काटे टेकले होते त्यांनाही कमानीखाली हलवले की काटे जिथल्या तिथे थांबतील. नियमाने मग त्यांना परत आणण्याची निकड राहणार नव्हती.

"न पाठवता राहता येईल?" नसीमने विचारले.

"तीस माणसं रोज किरणं झेलतायत. आणि नंतर येणारी वेगळीच. कसं राहता येईल?"

ती अहवाल घेऊन बाबरकडे गेली. तो कणगीच्या काठावर भट्टीला परस्पर माती पुरवणाऱ्या तात्पुरत्या पट्ट्याची जोडणी पाहत होता. तिने सगळे सांगितले, आडपडदा न ठेवता. कमान, खोल्या, काटे. जहाजाविषयी बोलायला ती थांबली, शब्द जुळवू लागली.

"म्हणजे जहाज येणार नाही," बाबरच म्हणाला.

"या वर्षी तरी नाही. बाबरसाहेब, तुम्ही त्या दिवशी दांडा फिरवला नसता तर मी—"

"ते राहू द्या." त्याने हातातला पाना खाली ठेवला. कणगीच्या काठावरून पृथ्वी दिसत होती, क्षितिजाला लागून, अर्धी. "हिशेब बरोबर आहे ना? कमान टिकेल?"

"टिकेल."

"किती वर्षं?"

"हादरे बसले नाहीत तर आपल्यापेक्षा जास्त."

नट-बोल्ट, सराटे, पन्हळ यातले काहीच त्याला आता विचारायचे नव्हते.

"उद्या पाठवा," शेवटी तो म्हणाला. "आज नको. आज मी घरी बोलून घेतो. मुलीला हे मुख्यालयाकडून कळायला नको."

संध्याकाळच्या म्हणून ठरवलेल्या वेळेला तो संभाषणकक्षात जाऊन बसला. दार त्याने उघडेच ठेवले होते. सुनेत्रा बाहेरच्या बाकावर बसली होती. तिथून उठून जावे असे तिला वाटले, पण ती उठली नाही.

"ताई," बाबर मुलीला म्हणाला, "ऐक. मला यायला उशीर होईल गं. बराच."

चंद्रावरून पृथ्वीवर आवाज जाऊन उत्तर परत यायला जेमतेम अडीच सेकंद लागतात. त्या दिवशी उत्तर यायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागला.